माउस बाजूला ठेवा, मग बोला

जून महिना. शहापुरात दाखल्यांचे फॉर्म भरून देणारं एक छोटं दुकान. डोळखांबकडून पहिल्या एसटीने आलेले काका नातीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसलेत. आजची मजुरी बुडालीच. समोर ऑपरेटर ताई, मराठी टायपिंग ४० ची परीक्षा पास. नाव, गाव धडाधड भरते. मग टॅब दाबते आणि हरवते. आपण 'तालुका'वर आहोत की 'रद्द करा'वर, स्क्रीन सांगतच नाही. पुन्हा माउस. रांग वाढते, सेशन संपतं, फॉर्म पहिल्यापासून.

तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणून सांगतो. कीबोर्डवर दाबलेलं बटण स्क्रीनवरच्या ज्या रकान्याला लागू होणार, तिथे 'फोकस' असतो. ब्राउझर त्याभोवती फुकटात चौकट काढतो. डिझाइनवाल्यांना ती कुरूप वाटते आणि आपण 'आउटलाइन: नन' लिहून ती पुसतो. मुरबाडहून कल्याणला एसटीने जाऊन इंजिनिअर झालेल्या मीही पुसलीये. सरळ 'बटन' वापरायचं सोडून 'डिव्ह'ला क्लिक चिकटवलाय. त्यावर टॅबने पोचता येत नाही, एंटर त्याला कळत नाही.

शॉर्टकटची गोष्ट तर खास आपली. कोड 'इव्हेंट.की'मध्ये इंग्रजी एस शोधतो. ताईचा मराठी इन्स्क्रिप्ट चालू असतो आणि तिथे त्याच बटणावर एकाराची मात्रा आहे. सेव्हचा शॉर्टकट मुका. 'इव्हेंट.कोड' पाहिला असता तर बटणाची जागा कळली असती. पण आपण टेस्टिंग इंग्रजीत करतो.

'आता सगळे मोबाइलवर आहेत' हे उत्तर मला पाठ आहे. काका नाहीत. त्यांचा मोबाइल म्हणजे ही ताईच. आणि स्क्रीन रीडरवर फॉर्म भरणाऱ्या अंध मुलाला माउसचा उपयोगच नाही. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० निकषांत 'सगळं कीबोर्डने करता यावं' ही अट 'ए' पातळीवर, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. आपण ज्याला जादा काम म्हणतो, ती किमान अट आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. रिलीजच्या आदल्या दिवशी माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. कीबोर्ड मराठीवर टाका. स्वतःचा फॉर्म पहिल्या रकान्यापासून 'सबमिट'पर्यंत भरा. अडकलात, तर रिलीज थांबवा. तुमचा एक दिवस जाईल. नाहीतर तो काकांचा जातोच आहे.