पोराला ठेल्यावर कोण पाठवतं?

18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणाऱ्याला 2003च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात दंड आहे, जास्तीत जास्त दोनशे रुपये. तीच तंबाखू मुलाच्या हाती देणाऱ्याला 2015च्या बाल न्याय कायद्याच्या 77व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे दोन्ही कायदे लागू आहेत. तरी गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या गावांत संध्याकाळी दहा-बारा वर्षांचं पोरगं पानठेल्यासमोर उभं दिसतं. ते चोरून आलेलं नसतं. बापाने, काकाने, कधी आजीनेही त्याच्या हातात पैसे देऊन सांगितलेलं असतं, ‘जा रे बाबू, एक खर्रा घोटून आण.’

खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. ठेलेवाला हे सगळं प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून चांगलं घोटतो आणि पुडी बांधून देतो. पोरगं हे रोज पाहतं. कोणाच्या खर्ऱ्यात चुना जास्त, कोणाची सुपारी चांगली, हे त्याला चव घेण्याआधीच कळलेलं असतं. परतीच्या वाटेवर चिमूटभर गालात गेली तर घरात पत्ता लागत नाही. काही घरांत तर ती पहिली चिमूट मोठेच देतात, कौतुकाने किंवा दात दुखतोय म्हणून. विशी गाठण्याआधी यातली काही मुलं दिवसाला चार-पाच पुड्यांवर गेलेली असतात. तंबाखूचं वाईट सगळ्यांना ठाऊक असतं, पण नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. खर्रा खाणाऱ्याला आधी तिखट सोसेनासं होतं, मग गालाच्या आतला भाग ताठर होतो, मग तोंड उघडणं कमी होत जातं. पुढे दोन बोटंही आत जात नाहीत आणि घास बारीक करून भरवावा लागतो. गालाची गेलेली लवचीकता पूर्ण परत येत नाही. ऐन तारुण्यातला मुलगा मोठ्याने हसू शकत नाही, हे पाहायचं असेल तर विदर्भातल्या कुठल्याही दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावं.

आणि आपण यावर काय करतो? 31 मे हा तंबाखूविरोधी दिन, 26 जून हा अमली पदार्थविरोधी दिन. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, मुलं हात पुढे करून शपथ घेतात, चित्रकला स्पर्धेत कवटीची चित्रं काढतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे, म्हणून काही ठिकाणी रस्त्यावर पिवळी रेषही ओढली जाते. शिक्षक हे मनापासून करतात आणि ते थांबवावं असं मी म्हणत नाही. पण या सगळ्यात आपण बोलतो ते फक्त मुलाशी, म्हणजे गावात ज्याच्या शब्दाला सर्वांत कमी वजन आहे त्याच्याशी. सकाळी शपथ घेतलेल्या मुलाच्या हातावर संध्याकाळी आजोबांनी दहा रुपये ठेवले, तर त्याने काय करायचं? मोठ्यांचं ऐकावं हेही त्याला आपणच शिकवलं. नकार द्यायची सगळी जबाबदारी बारा वर्षांच्या पोरावर टाकून चाळीस वर्षांचा माणूस मोकळा राहतो, याला प्रतिबंध म्हणता येत नाही.

गडचिरोलीला हे वेगळ्या रीतीने करण्याचा अनुभव आहे. 1993 मध्ये या जिल्ह्यात दारूबंदी आली ती गावोगावच्या लोकांनी, त्यातही बायांनी लावून धरली म्हणून. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था त्या चळवळीत होती. 2016 पासून याच जिल्ह्यात ‘सर्च’, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांचा ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखू दोन्हींवरचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा कणा गाव संघटना हा आहे. विक्रेत्याच्या दारात जाऊन बसणाऱ्या, त्याला समजावणाऱ्या, न ऐकल्यास माल पकडून देणाऱ्या बाया त्यात आहेत. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये उठली. बंदी बरी की वाईट हा वाद इथे उकरत नाही. बंदी कागदावर असो वा नसो, ती टिकवायला गावातली प्रौढ माणसं रोज उभी राहिली पाहिजेत, एवढं दोन्ही जिल्हे पाहून म्हणता येतं.

तंबाखूच्या बाबतीत नेमकं इथेच अडतं. दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या कित्येक बायांच्या कनवटीलाच खर्ऱ्याची पुडी असते. त्यांना दोष देणं सोपं आहे, मला ते जमत नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात कंबर वाकवून दिवसभर धान लावायचं, पोटात सकाळची भाकर किंवा मूठभर भात, अशा वेळी खर्रा भूक मारतो. मजुराला मजुरीबरोबर खर्रा द्यावा लागतो, तेरवीला आणि लग्नाला आलेल्यांपुढे तो ठेवला जातो, न ठेवणारा कंजूष ठरतो. दारूला गावात निदान लाज चिकटलेली आहे. खर्ऱ्याला नाही. म्हणून दारूचं दुकान बंद करणाऱ्या गावातही पानठेला गावाचं बसायचं ठिकाण म्हणून शाबूत राहतो. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखूही तिच्यात आली, पण या बंदीने लाज निर्माण केली नाही. ती सरकारला करताही येणार नाही.

मात्र गावाला ती करता येते, आणि त्यासाठी गावाजवळ अधिकारही आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला 1996च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर निर्बंध घालण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोलीचा मोठा भाग याच क्षेत्रात येतो. इतरत्र दारू दुकानासाठी उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान आहे. त्यात नुसतं बहुमत पुरत नाही, एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. ही अट जाचक आहे आणि ती बदलायला हवी, पण तीही पार करून बायांनी दुकानं बंद केली आहेत. ज्या एकजुटीने त्यांनी दारूचं दुकान हटवलं, तिच्या चौथ्या हिश्श्यात पानठेल्याला एक नियम लावता येईल: पोर कोणीही पाठवलेलं असो, त्याला खर्रा मिळणार नाही. कायदाही हेच सांगतो. ‘बापासाठी नेतोय’ ही सबब त्यात कुठेही मान्य केलेली नाही.

मुलाला नकार देता यावा यासाठी समाजाने आधी त्या नकाराला मान द्यावा लागतो. आपल्याकडे ही रीत होती. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या तरुणाला कोणी दारूचा आग्रह करत नाही. ‘माळकरी आहे’ म्हटलं की विषय संपतो, मित्रांत तो हलका ठरत नाही. त्याच्या इच्छाशक्तीची परीक्षा रोज होत नाही, कारण त्याच्या वतीने माळ बोलते आणि माळेच्या मागे सबंध संप्रदाय असतो. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाने आणि गुरुदेव सेवा मंडळांनी हेच केलं. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला पोरं आणि म्हातारे एकाच सतरंजीवर बसत. आजही काही गावांत बसतात. सगळ्यांनी माळ घालावी असं मला सुचवायचं नाही. पण कबड्डीचा संघ, भजनी मंडळ, अभ्यासिका, पोलीस भरतीची सकाळची धाव यांपैकी काहीतरी असं हवं, ज्याचं नाव घेऊन पोराने ‘मी खात नाही’ म्हटलं की समोरच्याने पुढे केलेला हात मागे घ्यावा.

दूरच्या आइसलंडने हे देशपातळीवर करून दाखवलं. तिथे 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी दारूने झिंगलेली असत, 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांपुढची भाषणं कमी केली आणि मोठ्यांचं वागणं बदललं. पालकांनी आपसांत लेखी करार केले, पालकांच्या टोळ्या रात्री वस्तीत फिरू लागल्या, नगरपालिकांनी मुलांच्या खेळाचा आणि संगीताचा खर्च उचलला. तो देश श्रीमंत आणि चिमुकला आहे, तिथली क्रीडासंकुलं गडचिरोलीतल्या कोरचीत किंवा भामरागडात उद्या उभी राहणार नाहीत. पण पालकांचा करार करायला पैसा लागत नाही.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरते. पुढच्या सभेत एखाद्या शिक्षिकेने, आशाताईने किंवा बचतगटाच्या बाईने एवढाच ठराव मांडावा: या गावात कोणीही मुलाला खर्रा, विडी, दारू आणायला पाठवणार नाही. पाठवलं तरी ठेलेवाला देणार नाही. दिलं तर पहिल्यांदा ग्रामसभेत बोलावणं, दुसऱ्यांदा बाल न्याय कायद्याखाली तक्रार. लग्न, तेरवी आणि रोवणीच्या बांधावर खर्ऱ्याचं ताट फिरणार नाही, त्याऐवजी मजुरांना दुपारचं पोटभर जेवण मिळेल, आणि त्याचा खर्च शेतमालक देईल. ज्या मोठ्यांना सवय सुटत नाही त्यांच्यासाठी तालुक्याच्या व्यसनमुक्ती क्लिनिकची तारीख त्याच सभेत सांगावी, कारण तीस वर्षांची तलफ ठरावाने जात नाही, तिला उपचार लागतात. आणि ठरावाला हात वर करण्याआधी सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी यांच्यासकट प्रत्येकाने आपल्या खिशातली, कनवटीची पुडी काढून सभेच्या टेबलावर ठेवावी.