मानेतल्या कृत्रिम गादीचे वाजवी मोल
मानेतली गादी सरकून नस दबली की हाताला मुंग्या येतात, कळ झोपू देत नाही. बहुतेकांचे दुखणे गोळ्या आणि फिजिओथेरपीने काही आठवड्यांत ओसरते. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते. तेव्हा सरकलेली गादी काढून वरखालचे मणके कायमचे सांधायचे, की तिथे हलती कृत्रिम गादी बसवायची, हा प्रश्न उभा राहतो. ‘मान हलती राहील’ या एका वाक्यावर कृत्रिम गादी खपते. वाक्य खोटे नाही. पण रुग्णाला आधी हवा असतो तो दुखण्यापासून आराम, आणि तिथे या गादीची आघाडी सांगितली जाते तितकी पक्की नाही.

हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी 1999 साली मणके सांधलेल्या 374 रुग्णांची पाहणी मांडली. शेजारच्या सांध्याचा नवा त्रास दरवर्षी सुमारे 2.9 टक्क्यांना होत होता. हालचाल राखली तर हे टळेल, ही आशा त्यातून बळावली. अमेरिकेच्या एफडीएने 2007 मध्ये मंजूर केलेल्या ‘प्रोडिस्क-सी’ या कृत्रिम गादीच्या 209 रुग्णांच्या चाचणीत सात वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली ती गादीवाल्यांपैकी 7 टक्क्यांना, सांधलेल्यांपैकी 18 टक्क्यांना. फरक मोठा आहे. मात्र पुन्हा सुरी लावायची की थांबायचे, हा निर्णय रक्तातल्या साखरेसारखा यंत्रावर मोजता येत नाही. आत काय बसवले आहे हे माहीत असलेले डॉक्टर आणि रुग्ण मिळून तो घेतात. नेदरलँड्समधल्या ‘नेक’ चाचणीत शंभराहून अधिक रुग्णांना आपल्या मानेत काय आहे हे दोन वर्षे कळू दिले नाही. दुखणे आणि रोजच्या हालचाली यांत गटागटांत फरक निघाला नाही. त्यात एका गटाची गादी नुसती काढली होती, जागी काहीच बसवले नव्हते! तेही तितकेच सुधारले.

दोन वर्षे अपुरी आहेत, शेजारचा सांधा नंतर कुरकुरतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. पण मग दावाही तेवढाच करावा: पुढे दुसरी शस्त्रक्रिया टळण्याची शक्यता वाढते. काहींच्या गादीभोवती हाड वाढून ती जाम होते, हेही सांगावे. मणक्यांचे मागचे सांधे धड असलेल्या, हाडे ठिसूळ नसलेल्या तरुण रुग्णाने ही गादी जरूर विचारात घ्यावी. निव्वळ ‘आधुनिक’ म्हणून जादा पैसे मात्र मोजू नयेत, आणि होकार देण्याआधी सर्जनला त्यांच्याच रुग्णांचे पाच वर्षांनंतरचे निकाल विचारावेत.