सही बहिणीचीच का?

तेराव्याचे जेवण उरकले, पाहुणे पांगले, की घरातले एखादे वडीलधारे माणूस विषय काढते. "ताईची सही तेवढी घेऊन टाका, वारसनोंदीला उगाच कटकट नको." थोड्याच दिवसांत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र होते, ताईला साडीचोळी मिळते आणि गाव म्हणते, पोरगी गुणाची निघाली. तिने नकार दिला असता तर हेच गाव काय म्हणाले असते, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. वाटा मागणारा भाऊ व्यवहारी ठरतो आणि वाटा मागणारी बहीण हावरट.

या सहीच्या बाजूने बोलणारी माणसे काही दुष्ट नसतात. ती आपलीच असतात, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे.

"तिच्या लग्नात केलेला खर्च हाच तिचा वाटा," असे पहिल्यांदा सांगितले जाते. मांडव, जेवणावळी, मानपान यांतले तिच्या नावावर काय उरले? हुंडा दिला असेल तर तो 1961 पासून गुन्हा आहे, आणि गुन्ह्यात गेलेली रक्कम वाटणीत वळती करून घेणे हा अजब हिशेब झाला. भावाच्या कॉलेजचे डोनेशन, त्याच्या दुकानाचे भांडवल, त्याच्या लग्नाचा बँड यांतला एक रुपयाही त्याच्या वाट्यातून कोणी वजा करत नाही.

दुसरा युक्तिवाद नव्या काळाचा आहे: "तुला कशाला हवे?" नोकरी करणारीला म्हणतात, तू कमावतेस की. न करणारीला, नवरा कमावतो की. नवरा नसलेलीला, आम्ही आहोत ना. बाईची परिस्थिती काहीही असो, उत्तर सहीपाशीच येऊन थांबते. पुण्यात दोन फ्लॅट असलेल्या किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या भावाला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो वर्षानुवर्षे बांधावर फिरकला नाही तरी त्याचे नाव सातबाऱ्यावर निमूट चढते. बहिणींची नावे लागलीच तर कित्येकदा 'इतर हक्क' या रकान्यात.

वारसा गरज बघून मिळत नाही. हिंदू कुटुंबांपुरते बोलायचे तर महाराष्ट्राने 1994 साली एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट उरली नाही. हा हक्क जन्मानेच मिळतो आणि त्यासाठी दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

"आईवडिलांना भाऊ सांभाळतो," हा मुद्दा मात्र वजनदार आहे. ज्याने खरोखर केले त्याला वडिलांनी स्वकमाईतले जास्त द्यावे, मृत्युपत्राची सोय त्यासाठीच आहे. पण सरसकट सगळ्या बहिणींना बाद करायला हे कारण पुरत नाही. विवाहित मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सांगितले. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातही अपत्यांमध्ये मुलगी आहेच. म्हणजे कर्तव्याच्या वेळी ती घरची आणि वाटणीच्या वेळी परक्याचे धन! शिवाय भाऊ सांभाळतो म्हणजे बहुतेक घरांत वहिनी सांभाळते. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जात होती, ते करणाऱ्या पुरुषांची 97. आणि ही वहिनी आपल्या माहेरी सही करूनच आलेली असते.

"जमिनीचे तुकडे पडतील," असेही म्हणतात. राज्यात तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. तीन भावांत वाटणी करताना तो कुणाला आठवत नाही.

राहिले "तिला सासरी मिळतेच की." नारायणीदेवींना काय मिळाले ते पाहा. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, मग त्यांनी नोकरी केली, पैसा साठवला आणि 1996 साली मृत्युपत्र न करता त्या वारल्या. तो पैसा आईने मागितला. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 वर बोट ठेवून तो सासरच्या वारसांना दिला. मूलबाळ नसलेल्या विधवेच्या स्वकष्टाच्या कमाईवर आईवडिलांच्या आधी नवऱ्याचे वारस येतात, असे ते कलम सांगते. पुरुषाच्या बाबतीत मात्र आई पहिल्याच वर्गातली वारस! हे कलम बदलायला हवे. तोवर प्रत्येक कमावत्या बाईने मृत्युपत्र करून ठेवावे.

"माहेर तुटेल" याला मी युक्तिवाद मानत नाही. ती धमकी आहे, आणि माहेर तोडणारा हात वाटा मागणारीचा नसतो.

2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांत बायका सुमारे 14 टक्के होत्या आणि त्यांच्याकडचे क्षेत्र 12 टक्क्यांहूनही कमी. शेतात राबणाऱ्या बायका किती, हे कोणत्याही शिवारात डोळ्यांना दिसते. याच महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. त्याने कुणाचे घर मोडले नाही. बायकोसाठी जे जमले ते बहिणीसाठी का जमू नये?

तेव्हा वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे देताना बहिणींची नावे भावांच्या ओळीत लिहा. आणि ताईंनो, दुःखाच्या दिवसांत कुठल्याही कागदावर सही करू नका. तो घरी आणा, वाचा, वकिलाला दाखवा. मग हक्क सोडावासा वाटला तर खुशाल सोडा, पण त्याच बैठकीत भावालाही विचारा: तू किती सोडतोस?