विश्लेषण : आयरिश पूर्वजांचा शोध ‘आयर्लंड’ या शब्दापाशीच का अडतो?

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ३ कोटी ८६ लाख लोकांनी आपले मूळ आयरिश असल्याचे नोंदवले. खुद्द आयर्लंड बेटाची लोकसंख्या उत्तर आयर्लंड धरूनही ७० लाखांच्या आसपास आहे. म्हणजे मायभूमीत राहिलेल्यांपेक्षा बाहेर पडलेल्यांचे वंशज कितीतरी अधिक. यातील अनेकांना आपले खापरपणजोबा नेमके कोणत्या गावचे, हे जाणून घ्यायचे असते. मात्र घरातल्या जुन्या कागदांवर बहुतेकदा ‘जन्मस्थान : आयर्लंड’ एवढेच असते आणि शोध तिथेच थांबतो.

इतके लोक देश सोडून का गेले?

१८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षे पीक वारंवार हातचे गेले. लाखो गरीब कुटुंबांचे पोट बटाट्यावरच अवलंबून होते. १८५२ पर्यंतच्या महादुष्काळात सुमारे १० लाख लोक उपासमारीने आणि रोगराईने मेले आणि त्याहून अधिक परदेशी गेले. १८४१ च्या जनगणनेत ८२ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. त्यानंतरही स्थलांतर थांबले नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया ही मुख्य ठिकाणे होती. त्या काळात बंदर सोडणाऱ्या प्रवाशांच्या याद्या ब्रिटिश सरकारने जपल्या नाहीत. सलग उपलब्ध असलेल्या याद्या १८९० नंतरच्या आहेत. शिवाय अनेक आयरिश प्रवासी आधी इंग्लंडमधील लिव्हरपूलला जात आणि तेथून मोठे जहाज पकडत. त्यामुळे दुष्काळात घर सोडणाऱ्याची निघताना झालेली नोंद सहसा सापडत नाही.

आयर्लंडमधील नोंदींचे काय झाले?

जून १९२२ मध्ये आयर्लंडमध्ये यादवी युद्ध सुरू झाले. डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयीन संकुलात बंडखोर तुकड्या ठाण मांडून होत्या. ३० जून रोजी तेथे प्रचंड स्फोट झाला आणि आवारातील सरकारी अभिलेखागार जळाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची बहुतेक मूळ पाने, मृत्युपत्रे आणि अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्यात गेल्या. पण सगळा दोष आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच काम झाल्यावर नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात कागदटंचाई असताना लगद्यासाठी दिले गेले. त्यामुळे पूर्णपणे हाती असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची आहे. दुष्काळात गेलेल्यांच्या शोधात तिचा थेट उपयोग नाही.

मग उरले काय?

बरेच काही. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या डब्लिनला पाठवलेल्या नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या. साधारण १८८० पर्यंतच्या या वह्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये संकेतस्थळावर विनामूल्य खुली केली. सर्व धर्मीयांच्या जन्म, मृत्यू, विवाहाची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिकेतर विवाहांची त्याआधी, १८४५ पासून. जमिनीच्या कागदांत दोन संग्रह महत्त्वाचे आहेत. पहिला चर्चसाठीच्या धान्यकराचा, १८२३ ते १८३८ या काळातला. दुसरा ‘ग्रिफिथ मूल्यांकन’ या नावाने ओळखला जाणारा, १८४७ ते १८६४ मधला. यात घर किंवा जमीन कसणाऱ्याचे नाव आणि जागा मिळते, बायकामुलांची नावे नाहीत. अनेक भागांत हे मूल्यांकन दुष्काळ ओसरल्यावर झाले. तोवर जे मेले किंवा निघून गेले, ते त्यात नाहीत. भूमिहीन मजूर तर क्वचितच सापडतो. जो जितका गरीब, त्याची कागदावरची खूण तितकी पुसट.

जळालेल्या जनगणनेचा काही अंश मात्र अनपेक्षित वाटेने वाचला. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना वृद्धापकाळ पेन्शन मिळू लागली. या वृद्धांकडे जन्मदाखले नव्हते. म्हणून वयाच्या पुराव्यासाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्यांची नावे शोधली गेली. मूळ कागद गेले, पण शोधाचे ते अर्ज आजही आहेत.

शोध कोठून सुरू करावा?

आयर्लंडपासून नव्हे, तर पूर्वज जिथे उतरला तिथून. नवख्या संशोधकाची सर्वांत सामान्य चूक म्हणजे आडनाव हाती येताच आयरिश नोंदींत उडी घेणे. मर्फी, केली, सुलिव्हन ही आडनावे तेथे हजारोंनी आहेत. खरी किल्ली आहे ती जागेच्या नावात. आयर्लंडमध्ये काउंटी, चर्चचा पॅरिश आणि त्याखाली ‘टाउनलँड’ अशी उतरंड आहे. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखा जमिनीचा लहान तुकडा. असे ६० हजारांहून अधिक आहेत. पॅरिश आणि टाउनलँड कळल्यावरच चर्चची वही आणि जमिनीचे कागद बोलू लागतात.

हे नाव अमेरिकेतील कागदांत लपलेले असते. चर्चमधील विवाहनोंद, मृत्युलेख, थडग्यावरचा मजकूर, १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज हे सगळे तपासावे लागते. बोस्टनच्या ‘पायलट’ वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती छापल्या जात आणि त्यांत अनेकदा मूळ पॅरिशचा उल्लेख असे. न्यूयॉर्कच्या ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँके’ने खातेदाराची ओळख पटवण्यासाठी गाव, आईवडील, भावंडे यांची माहिती लिहून ठेवली. त्या वह्या आज न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. पूर्वजाबद्दल काहीच मिळाले नाही, तर त्याचे भाऊ, बहीण, शेजारी, लग्नातले साक्षीदार यांचा माग काढावा लागतो. एका गावचे लोक परक्या शहरातही जवळजवळ राहत.

नावांचा घोळ कसा होतो?

‘एलिस बेटावर अधिकाऱ्याने आमचे आडनाव बदलले’ ही कथा अनेक घरांत सांगितली जाते. प्रत्यक्षात तेथील अधिकारी जहाजावर आधीच तयार झालेल्या यादीवरून नावे तपासत. बदल झाले ते आधी किंवा नंतर. आयरिश नावे इंग्रजीत लिहिताना ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळाले, पुढे काहींनी ते परत लावले. ‘लोहाराचा मुलगा’ अशा अर्थाचे एकच आडनाव कुठे मॅकगोवन झाले, तर कॅव्हन काउंटीत चक्क भाषांतर होऊन स्मिथ झाले. कॅथलिक वह्यांत लॅटिन चालत असल्याने जेम्स हा ‘जॅकोबस’ म्हणून सापडतो. वयही अंदाजे सांगितले जाई. त्यामुळे नाव आणि वय जुळले म्हणजे माणूस सापडला, असे होत नाही.

अ‍ॅनी मूरचे उदाहरण काय सांगते?

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचे स्थलांतरित केंद्र उघडले. तेथे पहिली नोंद झाली ती कॉर्कहून दोन धाकट्या भावांसह आलेल्या अ‍ॅनी मूर या किशोरवयीन मुलीची. ती पुढे टेक्ससला गेली आणि तेथेच तिचा मृत्यू झाला, असे अनेक वर्षे मानले गेले. वंशावळ संशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी कागद तपासले, तेव्हा टेक्ससची अ‍ॅनी मुळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जन्मलेली निघाली. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच राहिली, १९२४ मध्ये वारली आणि तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. हे २००६ मध्ये उघड झाले. २००८ मध्ये दगड बसवला गेला. इतक्या प्रसिद्ध स्थलांतरिताबाबत ही गफलत होते, तर इंटरनेटवर एकमेकांच्या वंशावळी उतरवून घेणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

मुंबई प्रांताशी याचा संबंध काय?

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि ब्रिटिश फौजांत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. मुंबई, पुणे, खडकी येथील चर्चमध्ये त्यांचे विवाह झाले, मुलांचे बाप्तिस्मे झाले, काहींचे दफनही. मुंबई प्रांतातील या नोंदींच्या प्रती लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीच्या ‘इंडिया ऑफिस’ संग्रहात स्वतंत्र मालिकेत आहेत. शिपायाच्या सेवामुक्तीच्या कागदावर बहुधा जन्माचा पॅरिश आणि काउंटी लिहिलेली असे. म्हणून भारतात नोकरी केलेल्या आयरिश शिपायाचे गाव कधी कधी अमेरिकेला गेलेल्या त्याच्या भावापेक्षा लवकर सापडते.

डीएनए चाचणी आणि नागरिकत्वाचे काय?

डीएनए चाचणी दूरचे नातेवाईक दाखवते, गावाचे नाव सांगत नाही. त्या नातेवाइकाकडे कागद असले, तरच तिचा उपयोग. नागरिकत्वाबाबत नियम स्पष्ट आहे. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील, तर नातवंडाला परदेशी जन्मनोंदणी करून आयरिश नागरिकत्व मिळू शकते. पणतवंडाला ते हवे असेल, तर त्याच्या जन्माआधी आई किंवा वडिलांची अशी नोंदणी झालेली असावी लागते. म्हणजे दुष्काळात गेलेल्यांच्या बहुतेक वंशजांना या शोधातून पासपोर्ट मिळणार नाही.

त्यांना मिळू शकते ते गाव. त्यासाठी वंशावळीतली प्रत्येक पिढी कागदाने पुढच्या पिढीशी बांधली गेली पाहिजे. ती जिथे बांधता येत नाही तिथे जागा मोकळी ठेवणे हेच प्रामाणिक. जळालेल्या अभिलेखागारातील कागदांच्या जगभर विखुरलेल्या प्रती गोळा करण्यासाठी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने २०२२ मध्ये आभासी अभिलेखागार सुरू झाले. १९२६ च्या जनगणनेची पानेही १०० वर्षांच्या नियमानुसार २०२६ मध्ये खुली होण्याच्या टप्प्यावर येतात. आज मोकळी असलेली जागा उद्या भरू शकते. चुकीच्या माणसाने भरून टाकली, तर खऱ्या पूर्वजाला कुणी शोधायलाच जात नाही.