काकांच्या बँडमधला नवा ड्रमर



मे महिन्यातली भिलाई ज्यांनी अनुभवली नाही, त्यांना सांगते. सकाळी नऊनंतर बाहेर पडायची हिंमत होत नाही. दुपारी सेक्टरमधले रस्ते ओस पडतात आणि घराघरातून फक्त कूलरचा आवाज येतो. अशाच एका दुपारी मामाचा फोन आला. "तू इंग्रजी घेऊन बीए केलंस ना? मग ये आणि या पोराला समजव. इंग्रजी गाण्यांनी डोकं फिरलंय त्याचं!"

गेले. घरात तंग वातावरण. मामी पन्हं देऊन गप्प बसली. मामेभाऊ कोपऱ्यात पाय हलवत बसला होता. तो ड्रमर आहे, त्यामुळे टेन्शन आलं की त्याचे पायच आधी बोलतात.

झालं होतं असं. नागपुरातला एक जुना बँड. सगळे वादक पन्नाशी-साठीचे. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी दाताचे डॉक्टर. तीस वर्षं हौसेनं जुनं रॉक अँड रोल वाजवतायत. दर उन्हाळ्यात लग्नांचे रिसेप्शन, क्लब, पचमढी-चिखलदऱ्याची हॉटेलं असा त्यांचा दौरा असतो. यंदा त्यांच्या ड्रमरकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बदली माणूस हवा होता, आणि कुणीतरी आमच्या भावाचं नाव सुचवलं. सहा आठवडे, अकरा कार्यक्रम.

अडचण एकच. भाऊ तेवीस वर्षांचा, ऑगस्टमध्ये त्याची रेल्वे भरतीची परीक्षा. मागच्या वेळी थोडक्यात हुकली होती. मामाची सगळी नोकरी प्लांटमध्ये शिफ्ट करण्यात गेली. पोराला पक्की नोकरी लागावी, एवढीच त्याची इच्छा. "अभ्यास सोडून चार म्हाताऱ्यांच्या मागे उन्हात ड्रम बडवत फिरणार?" तो म्हणाला.

मी समजवायला गेले होते, पण नक्की कुणाला समजवायचं तेच मला कळेना.

खरं तर उन्हाळ्यात गावोगाव फिरून कला दाखवणं ही काही परदेशी गोष्ट नाही. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी देतात, आणि मग फड जत्रांच्या गावी निघतात. अमेरिका-युरोपात उन्हाळा सुखाचा असतो, म्हणून तिकडचे मोठे बँड जून ते ऑगस्ट उघड्या मैदानांवर कार्यक्रम करतात. म्हणजे ऊन वेगळं असलं तरी हिशोब एकच. लोकांना सुट्टी, कलाकारांना काम.

मामीनं पहिला प्रश्न विचारला. "पण त्यांच्यात आणि याच्यात तीस वर्षांचं अंतर. याचं जमेल का त्यांच्याशी?"

मला मुंबईचा इंडस क्रीड आठवला. 1984 मध्ये हा बँड 'रॉक मशीन' नावानं सुरू झाला. स्वतःची इंग्रजी गाणी रचून वाजवणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या बँडपैकी हा एक. 1993 मध्ये नाव बदललं, काही वर्षांनी बँड थांबला. 2010 मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने तिघे पुन्हा एकत्र आले, तेव्हा बास गिटारला रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सला जय राव कवी हे नव्या पिढीतले दोघे आले. या पाच जणांनी फक्त जुनी गाणी उगाळली नाहीत. 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम काढला. जुन्यांकडे अनुभव होता, नव्यांकडे ताजे हात. दोन्ही लागतं.

मामाचा प्रश्न व्यवहाराचा होता. "पैसे किती? आणि बदली माणसाला किंमत असते का?"

इथे मी खोटं बोलले नाही. रोलिंग स्टोन्स हा जगातल्या सर्वांत जुन्या चालू बँडपैकी एक. 1975 च्या उन्हाळ्यात त्यांच्या अमेरिका दौऱ्यावर रॉनी वुड हा गिटारवादक दुसऱ्याच्या जागी आला. दौऱ्याच्या घोषणेसाठी 1 मे रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर चक्क उघड्या ट्रकवर उभं राहून गाणं वाजवलं. (आपल्या दुर्ग-भिलाईच्या धुमाळवाल्यांना यात नवल वाटणार नाही!) रॉनी पुढे बँडचाच झाला, आजही आहे. पण सुरुवातीची बरीच वर्षं तो भागीदार नव्हता, पगारावर होता. 1993 मध्ये त्यांचा बासवादक बिल वायमन गेला. त्याच्या जागी डॅरिल जोन्स आला. तो तीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्यासोबत वाजवतोय, तरी बँडचा अधिकृत सदस्य नाही. जुन्या बँडमध्ये नव्याला टाळ्या लगेच मिळतात, वाटा उशिरा मिळतो, कधी मिळतही नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं.

"बघ!" मामा म्हणाला. पण त्याचा आवाज थोडा खाली आला होता. खरं सांगितलं की माणूस ऐकायला लागतो.

भावानं मात्र वेगळंच विचारलं. "ताई, लोक सारखे म्हणतील, आधीचे काका भारी वाजवायचे. मग?"

मग मी त्याला अर्नेल पिनेदाची गोष्ट सांगितली. फिलिपिन्समधल्या मनिलाचा हा गायक. तेरा वर्षांचा असताना आई गेली, काही काळ रस्त्यावर, बागेत झोपून काढला. पुढे हॉटेलांतून दुसऱ्यांची गाणी गाऊन पोट भरलं. 2007 मध्ये 'जर्नी' या 1973 पासूनच्या अमेरिकन बँडचा गिटारवादक नील शॉन गायक शोधत होता. त्यानं यूट्यूबवर अर्नेलचे व्हिडिओ पाहिले आणि ईमेल केला. अर्नेलला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय! तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. 2008 च्या फेब्रुवारीत चिलीमध्ये तो बँडसोबत पहिल्यांदा उभा राहिला आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचा मोठा दौरा केला.

तिथेही लोकांनी नाकं मुरडली. कुणी म्हणालं, स्टीव्ह पेरीची सर नाही. कुणी म्हणालं, हा परदेशी कशाला? अर्नेल गात राहिला. 2017 मध्ये जर्नीला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान मिळाला, तेव्हा खुद्द स्टीव्ह पेरीनं मंचावरून अर्नेलचं नाव घेऊन कौतुक केलं. तुलना होणारच. ती आपल्या हातात नाही.

शेवटी ठरलं. जायचं, पण चार गोष्टी आधी विचारून. मानधन किती आणि कधी? राहण्या-जेवण्याचा खर्च कुणाचा? रात्री कार्यक्रम संपल्यावर मुक्काम कुठे? परत यायची तारीख कोणती? बँडच्या काकांनी मामाला स्वतः फोन करून चारही उत्तरं दिली. पाचवी अट मामीची. पुस्तकं बॅगेत जातील आणि रोज सकाळी दोन तास उघडली जातील.

मग दहा दिवसांत चाळीस गाणी! आमच्या घरी स्टीलचे डबे, उशा, डायनिंग टेबल, सगळ्यांवर सराव झाला. मला गाण्यांचे अर्थ सांगायचं काम मिळालं. ड्रमरला अर्थ कशाला, असं मला वाटायचं. भाऊ म्हणाला, "ओळ दुःखाची असेल तर हात हलका ठेवावा लागतो ना."

पहिला कार्यक्रम नागपुरात एका रिसेप्शनला. रात्री साडेअकराला भावाचा फोन आला. आवाज रडवेला. एका गाण्याचा शेवट चुकला होता. सगळे थांबले आणि हा एकटाच वाजवत राहिला. पाहुण्यांना कळलं नसेल, पण गिटारवाल्या काकांनी वळून पाहिलं. तेवढंच. कुणी रागावलं नाही, कुणी काही बोललंही नाही. "ताई, रागावले असते तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "मी परत येऊ का?"

मी म्हटलं, सकाळपर्यंत थांब.

सकाळी तो परत यायला निघाला नाही. तो ऑपरेशन झालेल्या ड्रमरकाकांच्या घरी गेला, न बोलावता. काका खुर्चीत पाय लांब करून बसले होते. त्यांनी याला आतल्या खोलीतून एक जुनी वही आणायला सांगितली. तीस वर्षांची वही. कुठल्या गाण्यात गायकाचा दम आता कमी पडतो आणि ठेका थोडा सैल ठेवायचा, कुठल्या गाण्याची पट्टी वयोमानानं खाली आणलीय, शेवट करण्याआधी गिटारवाले काका डावा खांदा कसा उचलतात, सगळं त्यात लिहिलेलं. रेकॉर्ड ऐकून हे कधीच कळलं नसतं. भाऊ गाणी शिकून गेला होता, माणसं शिकायची राहिली होती.

वही देताना काका काय म्हणाले, ते भावानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "ताई, त्यांना खूप वाजवावंसं वाटत होतं गं. बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती."

2021 मध्ये रोलिंग स्टोन्सचे ड्रमर चार्ली वॉट्स आजारी पडले, तेव्हा त्यांनी आपले मित्र स्टीव्ह जॉर्डन यांना आपल्या जागी वाजवायला सांगितलं. ऑगस्टमध्ये चार्ली गेले. सप्टेंबरमध्ये दौरा सुरू झाला आणि स्टीव्ह मित्राच्या जागी बसले. दुसऱ्याची जागा घेणं आणि दुसऱ्याची जागा सांभाळणं यात फरक आहे. आमच्या भावाला तो त्या खोलीत कळला असावा.

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम पुन्हा नागपुरात होता. मामा-मामी आणि मी दुर्गहून गाडीनं गेलो. ड्रमरकाका काठी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. शेवटच्या गाण्याआधी भाऊ उठला, खाली उतरला, त्यांचा हात धरून त्यांना वर घेऊन गेला आणि स्टिक्स त्यांच्या हातात दिल्या. गुडघ्यामुळे पायाचा ड्रम त्यांना जमेना. भाऊ बाजूला खाली बसला आणि पायाचा ठेका त्यानं हातानं सांभाळला. एक गाणं, दोन ड्रमर.

मी मामाकडे पाहिलं. इंग्रजीचा एक शब्द त्याला कळत नव्हता, पण त्याचा पाय हलत होता.

आता पाऊस सुरू झालाय, परीक्षा तोंडावर आहे आणि भाऊ पुस्तकात डोकं खुपसून बसलाय. निकाल काय लागेल, देव जाणे. मानधनातून त्यानं मामीला साडी आणली, आणि ती वही झेरॉक्स करून मूळ प्रत काकांना परत पाठवली. त्यांचा गुडघा बरा होतोय म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची जागा त्यांनाच हवी आहे, आणि भावालाही तेच हवंय.

तुमच्या घरातही कुणी असं मोठ्यांच्या टोळीत एकटं जाऊन शिकलंय का? भजनी मंडळ असो, नाटक असो की बँड. मला नक्की कळवा. तोवर, काळजी घ्या!