आधी तीन फेज वीज, मग यंत्र

वणी तालुक्याच्या भूमीत दोन प्रकारचे धन आहे. एक काळ्या मातीत पिकते, दुसरे त्या मातीखाली दडलेले आहे. कापूस, तूर, सोयाबीन व हरभरा ही पहिल्या प्रकारची संपत्ती होय. उकणी, नीलजई, कोलारपिंपरी येथील खाणींतून निघणारा दगडी कोळसा ही दुसरी. अशा कोळशावर औष्णिक वीज केंद्रे चालतात आणि त्या विजेवर दूरदूरचे कारखाने फिरतात. असे असता, ज्या शिवारांलगत हा कोळसा निघतो तेथील तूर बहुधा तूर म्हणूनच बाजारात जाते आणि डाळ होऊन दुकानातून चढ्या भावाने गावात परत येते. ही स्थिती पालटावी म्हणून शेतकरी गट, उत्पादक कंपन्या आणि महिलांचे बचत गट आज डाळगिरणी, तेलघाणा, धान्य स्वच्छ करण्याचे व प्रतवारीचे यंत्र घेण्यास पुढे येत आहेत. ही अत्यंत स्वागतार्ह गोष्ट होय.

परंतु या उत्साहात एक क्रम उलटा होत असल्याचे वारंवार दिसून येते. प्रथम यंत्राचे दरपत्रक मागविले जाते, मग कर्जाचा व अनुदानाचा प्रस्ताव होतो, यंत्र गावात येते, त्याची पूजा होते. आणि त्यानंतर विजेचा विचार सुरू होतो. तोवर तुरीचा हंगाम निघून गेलेला असतो. यंत्रावर धूळ साचते, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. अशा वेळी लोक यंत्रास दोष देतात, गटास दोष देतात, क्वचित सरकारासही देतात. वास्तविक दोष क्रमाचा असतो. गावातील प्रक्रिया उद्योगाचा पाया यंत्र हा नसून तीन फेज वीज हा आहे, आणि पाया आधी घातला पाहिजे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

तीन फेज कशासाठी?

घरातील दिवा व पंखा एका फेजवर चालतो. तेथे फेजची एक तार व न्यूट्रलची एक तार पुरेशी असते आणि दोहोंमधील दाब २३० व्होल्ट असतो. तीन फेज जोडणीत फेजच्या तीन तारा असतात व कोणत्याही दोन फेजमधील दाब ४१५ व्होल्ट असतो. या तीन तारांतील प्रवाह एकामागून एक असे ठरावीक अंतराने चढतात व उतरतात. त्यामुळे मोटारीच्या आत फिरते चुंबकीय क्षेत्र आपोआप निर्माण होते आणि मोटार कोणत्याही टेकूवाचून जोराने सुरू होते. तीन बैल एका लयीत मोट ओढीत असल्याप्रमाणे हे काम चालते. धक्के बसत नाहीत व जोर खंडित होत नाही.

हिशेबाने पाहिल्यास फरक अधिक स्पष्ट होईल. पाच अश्वशक्तीची मोटार तीन फेजवर प्रत्येक तारेतून सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेते. तेवढेच काम एका फेजवर करावयाचे झाल्यास सुमारे २५ अँपिअर प्रवाह लागेल. तारेतील उष्णतेच्या रूपाने होणारा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे प्रवाह तिप्पट झाला की त्याच तारेत नाश नऊपट होतो. यास्तव दोन-तीन अश्वशक्तीपर्यंतचे लहान यंत्र एका फेजवर चालविणे ठीक आहे. त्यापुढे तीन फेजवाचून गत्यंतर नाही.

ही पद्धत जगात प्रथम मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली ती १८९१ साली. जर्मनीतील लाउफेन येथे पाण्याच्या शक्तीवर निर्माण केलेली तीन फेज वीज सुमारे १७५ किलोमीटर दूर असलेल्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नेण्यात आली. तेथे त्या विजेवर सुमारे एक हजार दिवे लागले आणि एका पंपाने पाणी वर चढवून कृत्रिम धबधबा वाहता केला. तीन फेज विजेच्या त्या पहिल्या मोठ्या प्रात्यक्षिकात पाणी उपसण्याचे काम होते, ही गोष्ट शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर हीच वीज विहिरीपर्यंत पोहोचली. २००५ साली त्या मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले.

शेताची वीज व गावठाणाची वीज

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. "आमच्या शेतात तीन फेज आहेच, मग डाळगिरणी तेथेच बसवू," असे अनेक जण म्हणतात. हा विचार दोन कारणांनी चुकीचा आहे.

पहिले कारण पुरवठ्याच्या वेळेचे. शेतीच्या वाहिनीवर तीन फेज वीज सुमारे आठ तास मिळते. ती चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, कधी रात्री येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली ज्या वाहिन्या सौर ऊर्जेवर येतील, त्यांवर ती दिवसा मिळेल. रात्री साप-विंचवाच्या भीतीने ओलीत करणाऱ्या शेतकऱ्यास हा मोठाच दिलासा होय. तथापि प्रक्रिया उद्योगास ग्राहक येईल त्या वेळी वीज हवी. गावठाणाची वाहिनी जेथे शेतीपासून वेगळी केलेली आहे, तेथे ही सोय गावठाणातच होऊ शकते.

दुसरे कारण कायद्याचे. शेतीपंपाची जोडणी पाणी उपसण्यासाठी दिलेली असते आणि तिचा दर वेगळा असतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाल्यामुळे हा फरक आता अधिकच मोठा झाला आहे. डाळगिरणी, पिठाची गिरणी यांस औद्योगिक दर लागू होतो. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालविणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ अन्वये विजेचा अनधिकृत वापर ठरतो व त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. पै-पै जमवून उभ्या केलेल्या बचत गटाच्या उद्योगास असा एक तडाखा पुरेसा असतो.

म्हणून यंत्रघर गावठाणात किंवा गावठाणाच्या वाहिनीलगत असावे. सेवा सहकारी सोसायटीचे वापराविना पडलेले गोदाम किंवा ग्रामपंचायतीची एखादी इमारत यासाठी मिळाल्यास सोन्याहून पिवळे.

भाराचा हिशेब

आता रोहित्राकडे, म्हणजे गावच्या भाषेत "डीपी"कडे वळू. समजा, एका गटास डाळगिरणीसाठी ३, प्रतवारी यंत्रासाठी २, तेलघाण्यासाठी साडेसात आणि पिठाच्या गिरणीसाठी साडेसात अशा एकूण २० अश्वशक्तीच्या मोटारी बसवावयाच्या आहेत. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. त्या हिशेबाने हे काम सुमारे १५ किलोवॅटचे झाले. मोटारीची कार्यक्षमता व पॉवर फॅक्टर लक्षात घेता रोहित्रावर प्रत्यक्ष भार सुमारे २२ केव्हीए पडेल. रोहित्र २५ केव्हीएचे असल्यास ते एवढ्यानेच भरून जाईल. ६३ केव्हीएचे असल्यास त्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या एका यंत्रघराने व्यापला जाईल. शिवाय थेट सुरू केलेली मोटार आरंभी काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. चारही यंत्रे एकाच वेळी सुरू करणे म्हणूनच टाळावे, व मोठ्या मोटारीस स्टार-डेल्टा स्टार्टर बसवावा.

हा हिशेब आधी झाला नाही तर काय होते? दाब उतरतो. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब एक दशांशाने घटला की जोर सुमारे एक पंचमांशाने घटतो. घाणा अडखळतो, मोटार तापते, आणि शेजारच्या घरातील दिवे मंद होऊन गावात तंटा सुरू होतो.

उलट, भार विनाकारण अधिक मागणे हेही अहिताचे. स्थिर आकार यंत्र बंद असतानाही भरावा लागतो. तुरीची डाळ वर्षातून काही महिनेच होते. यास्तव हंगामाबाहेर पीठ, तेल, मसाला अशी कामे जोडून यंत्रघर वर्षभर चालेल अशी योजना करावी. शेजारच्या दोन-तीन गावांनी कामे वाटून घेतली, एकाने डाळ केली व दुसऱ्याने तेल काढले, तर प्रत्येक गावाचा भार मर्यादेत राहील आणि यंत्रेही रिकामी राहणार नाहीत.

घातक सवयी

शेतीपंपांबरोबर रुजलेल्या काही सवयी यंत्रघरात मुळीच येऊ देऊ नयेत. तीन फेजपैकी एक गेला असता कॅपॅसिटर लावून मोटार दामटणे ही त्यांपैकी पहिली. चालत्या मोटारीचा एक फेज गेला तर उरलेल्या तारांतून पावणेदोनपटीच्या आसपास प्रवाह वाहू लागतो आणि वेटोळे जळते. त्यावर सिंगल फेज प्रतिबंधक व ओव्हरलोड रिले हेच खरे औषध. पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी योग्य मापाचा कॅपॅसिटर मोटारीस बसविणे ही मात्र वेगळी व हितकारक गोष्ट आहे. दोहोंत गल्लत होऊ नये.

दुसरी सवय ऑटो स्विचची. वीज येताच सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या म्हणजे रोहित्रावर आघात होतो. आणि यंत्रघरात तर कोणाचा हात पट्ट्यात असतानाच यंत्र सुरू होण्याचा धोका असतो. तिसरी सवय फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळण्याची. असा फ्यूज फ्यूजच राहत नाही. पुढे वितळते ती मोटार किंवा रोहित्र.

आपला भाग कापसाचा आहे. सरकीच्या व कापसाच्या तंतूंवर ठिणगी पडली तर आग भडकण्यास क्षण लागत नाही. स्टार्टरच्या खोलीत कापूस, बारदाना वा भुसा कधीही साठवू नये. प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र भूसंपर्क तारा, म्हणजे अर्थिंग असलेच पाहिजे. वाहिनीची दुरुस्ती झाल्यावर मोटार योग्य दिशेने फिरते की नाही हे आधी पट्टा काढून पाहावे. दोन फेजच्या तारांची अदलाबदल झाली असल्यास ती उलट फिरते. ही सर्व कामे परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करवून घ्यावीत व त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवावा.

काही शंका

"विजेचे आधी पाहिले आणि यंत्र मंजूरच झाले नाही तर?" अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे. परंतु आधी पाहणे म्हणजे आधी पैसे भरणे नव्हे. गावात कोणते रोहित्र आहे, त्यावर भार किती, यंत्रघरापासून तीन फेजची तार किती दूर, नवे खांब लागतील काय व खर्च किती, एवढे विचारण्यास फारसा खर्च येत नाही. कोटेशन भरण्याची वेळ नंतरची. मागणी करणाऱ्या जागाधारकास वीज देणे हे त्याच अधिनियमाच्या कलम ४३ अन्वये वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. मात्र वाहिनी वाढवावी लागल्यास त्यास वेळ लागतो. हाच वेळ हंगामाआधी मिळावा, एवढाच आमचा आग्रह.

"सौर पंप आला, आता वाहिनी कशाला?" अशीही दुसरी शंका असते. सौर पंप पाणी देण्यास उत्तम आहे. परंतु तो उन्हाप्रमाणे कमी-अधिक चालतो व शेतात असतो. त्यावर गावाचा प्रक्रिया उद्योग उभारणे धोक्याचे ठरेल. डिझेल जनित्राचेही तसेच. अडीअडचणीस ते उपयोगी पडेल. रोजच्या दळणास त्याचे इंधन परवडणार नाही.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० पासून सुरू आहे व तिच्यात पात्र उद्योगास ३५ टक्के अनुदानाची सोय आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावासाठी सोयीची लहान डाळगिरणी तयार केली आहे. म्हणजे यंत्र आहे, पैशाची वाटही आहे. उणीव आहे ती विजेच्या पूर्वतयारीची. ती भरून काढण्यासाठी यंत्राच्या प्रत्येक प्रस्तावास एक पानाचे वीजटिपण जोडलेले असावे आणि त्यावाचून आपण कोणीही शिफारस करू नये, अशी सूचना येथे नम्रपणे करावीशी वाटते. त्यात यंत्रांची अश्वशक्ती, एकूण भार, जागा, वाहिनी कोणती, रोहित्राची क्षमता व अंदाजे खर्च ही सहा उत्तरे असली म्हणजे पुरे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने गटाच्या दोन सभासदांसह महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात एक फेरी मारली तर ही माहिती मिळू शकते.

या पद्धतीने शिफारशींची संख्या कदाचित कमी होईल. उद्दिष्टाच्या तक्त्यात एखादा आकडा घटेल. पण जे यंत्र बसेल ते फिरेल. बंद पडलेल्या दहा यंत्रांपेक्षा चालणारी चार यंत्रे गावास अधिक मोलाची आहेत. कारण एक बंद यंत्र पाहून शेजारची दहा गावे कच खातात. तूर पौष-माघात घरी येते. तेव्हा ज्यांचा यंदा डाळगिरणीचा मनोदय असेल त्यांनी दिवाळीपूर्वी जोडणीचा अर्ज हातावेगळा करावा आणि यंत्राची मागणी त्यानंतर नोंदवावी.