ताटातले विज्ञान आमच्या मुलांना हवे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या ५७.२ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण ४९.७ टक्के होते. म्हणजे ते घटले नाही, वाढले! याच वयाच्या मुली दहावी-बारावीच्या वर्गात बसतात. तिथे त्यांच्या वाट्याला आहारशास्त्र किती येते? विज्ञानाच्या पुस्तकातला समतोल आहाराचा एखादा धडा. अकरावी-बारावीला अन्नशास्त्राचा विषय आहे, पण तो पर्यायी.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे आहारशास्त्र नववीपासूनच का शिकवू नये? २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय आणि उच्च शिक्षणाचे श्रेयांक जोडण्याची वाट मोकळी केली आहे. अमेरिकेत शाळकरी मुले महाविद्यालयाचे श्रेयांक मिळवतात. मग आश्रमशाळेतल्या मुलीने का मिळवू नयेत?

काही जण म्हणतील, पोटात अन्न नाही तिथे पुस्तक काय कामाचे? प्रश्न खरा आहे. पण अज्ञानामुळे अन्न हिरावले जाते, हेही तितकेच खरे आहे. २०१५ मध्ये बैलाच्या मांसावर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन कायद्याने काढून घेतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला आणि हवे तर लोकवर्गणी काढा, असे सांगितले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असते, हे आकड्यानिशी मांडणारे पालक शाळेच्या सभेत किती होते?

मात्र हा अभ्यासक्रम कोण लिहिणार, हा कळीचा मुद्दा आहे. सात्त्विक-तामसिकचे प्रवचन आम्हाला नको. अंडे, सुकट, मटण, नाचणी, अंबाडी यांचे मोजमाप हवे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भाजीवर लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते, जेवणासोबत चहा घेतला की कमी. हे मराठीत, विनाशुल्क, मुलगे-मुली दोघांनाही शिकवा. गृहविज्ञान म्हणजे मुलींचा विषय, ही समजूत गाडून टाका. आणि अंड्याचा निधी पूर्ववत करा. उपाशी मुलाला प्रथिनांचा धडा देणे ही थट्टा आहे.

१८७७ च्या दुष्काळात जोतीराव-सावित्रीबाईंनी धनकवडीला भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले. १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क सांगितला. अन्न आणि पाणी हा आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे. आता त्याला विज्ञानाची जोड द्या. येत्या पालकसभेत, विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांपुढे ही मागणी लेखी नोंदवा. मागितल्याशिवाय आपल्याला आजवर काय मिळाले आहे?